कंबरेची गोळी सुटत नाही

‘ताई, मी केज तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. नाव छापू नका. आमचे मालक ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असतात, वय ३६. दोन वर्षांखाली भरलेल्या ट्रॉलीवरून पडले. लातूरला एमआरआय काढला, मणक्यातली गादी सरकली म्हणाले. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. आधी दिवसाला दोन, मग चार, आता रोजच्या बारा खातात. रिकामं पाकीट दाखवलं की मेडिकलवाला नवं देतो. गोळी पोटात असली की माणूस हसतो-बोलतो, रात्रंदिवस गाडी ओढतो. नसली की लेकरांवर खेकसतो, जांभया देतो, नाकाला पाणी लागतं, जुलाब होतात, पाय जागेवर ठरत नाहीत. बाजारच्या दिवशी थोडी दारूही घेतात. दिवाळीत पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडतो म्हणाले. दुसऱ्या रात्री लहान लेकरासारखे रडले, तिसऱ्या दिवशी शपथ मोडली, पुन्हा गोळी घेतली. मागच्या महिन्यात पहाटे झटका आला, तोंडाला फेस आला. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. परवा ह्यांनी अकरा वर्षांच्या पोरीला रिकामं पाकीट देऊन मेडिकलवर पाठवलं आणि आईला सांगू नको म्हणाले. दोन शेळ्या विकल्या. रात्री ह्यांच्या श्वासाकडे कान लावून जागत बसते. माझंच काही चुकलं, असं आत्याबाई म्हणतात. माझा भाऊ म्हणतो केंद्रात नेऊन टाकू, तीन महिने कोंडून ठेवतात. जाऊबाई म्हणतात न सांगता भाजीत टाकायचं औषध मिळतं. सासरे म्हणतात पंढरपूरला नेऊन माळ घालू. मी काय करू? पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसाचा हंगाम संपेपर्यंत, थांबू का? हे मालकांना दाखवू का?’

ताई, पट्टा पडेपर्यंत थांबू नका. सगळ्यात आधी त्या पहाटेच्या झटक्याबद्दल सांगते.

पाकिटावरची अक्षरं तुम्ही पत्राच्या मागे उतरवून पाठवलीत, फार बरं केलंत. एका गोळीत ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. बारा गोळ्यांचा हिशेब करा. ट्रामाडॉल झालं ४५० मिलिग्रॅम. मोठ्या माणसालाही दिवसाला ४०० च्या वर हे औषध देत नाहीत, आणि ही जोडगोळी तर दिवसाला आठच्या वर घ्यायचीच नसते. ट्रामाडॉल मेंदूला झटक्याच्या काठावर नेऊन ठेवतं, जितकं जास्त घ्याल तितकं काठाच्या जवळ. तुमच्या मालकांना त्या पहाटे जे झालं ते बहुतेक ह्या गोळ्यांमुळेच झालं असणार. खात्री डॉक्टर तपासून करतील, पण बाहेरचं काही नाही, हे सासूबाईंना माझ्या नावानं सांगा. त्यांना रागावू नका. पोटच्या पोराला तडफडताना बघितलेली आई ती, हाताशी जे होतं ते तिनं लावलं.

दुसरा हिशेब पॅरासिटामॉलचा. बारा गोळ्यांत ३,९०० मिलिग्रॅम होतं. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल हद्द ४,००० ची. त्यावर बाजारच्या दिवशीची दारू, आणि ताप आला म्हणून वरून घेतलेली एखादी क्रोसिन. हा सगळा भार लिव्हरवर पडतो. लिव्हर सुरुवातीला काहीच बोलत नाही, म्हणून तपासणी लागते.

पुन्हा झटका आला तर त्यांना कुशीवर वळवा, आजूबाजूची विळी, दगड, चूल बाजूला करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, त्यानं काही होत नाही आणि वेळ जातो. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा एकामागून दुसरा आला, तर १०८ ला फोन करा. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ट्रॅक्टर बंद. विहिरीच्या काठावर, रोटावेटरजवळ, फवारणीला एकटं जाऊ द्यायचं नाही. हंगामात गाडी बंद म्हणजे काय, उचल कशी फिटायची, हे मला कळतं. पण भरल्या दोन ट्रॉल्या मागे असताना रस्त्यावर झटका आला तर काय होईल, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता ते सोडतो म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा का घेतात, ते बघू. तुम्ही पत्रात ‘शपथ मोडली’ असं लिहिलंय. माझ्या मते शपथ मनापासूनच घेतली होती. मोडलं ते शरीर.

आपल्याकडचंच उदाहरण देते. दुष्काळात गावाला रोज टँकर सुरू झाला की जुन्या आडाकडे कोण बघतं? गाळ साचतो, झरे बुजतात, पण टँकर येतोय तोवर काही जाणवत नाही. एके दिवशी टँकर अचानक बंद झाला की बायका आडावर धावतात आणि तळाला नुसता चिखल. शरीराचंही तसंच आहे. दुखणं सोसायला, झोप यायला, मन थाऱ्यावर ठेवायला शरीर स्वतःची रसायनं स्वतः तयार करतं. रोज बारा गोळ्या बाहेरून आल्या की शरीर आपलं काम आवरतं घेतं. मग गोळी थांबली की काहीच उरत नाही. जांभया, डोळ्या-नाकाला पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पायांची तळमळ, झोप नाही, ही सगळी त्या कोरड्या आडाची लक्षणं. ट्रामाडॉलचं आणखी एक वेगळेपण आहे. ते दुखण्याबरोबर मनाची उभारी वाढवणाऱ्या रसायनांवरही काम करतं. म्हणून गोळी पोटात असली की माणूस हसतो-बोलतो, आणि बंद झाली की नुसतं अंग दुखत नाही तर जीव घाबरा होतो, हातापायाला मुंग्या येतात, क्वचित कुणाला भासही होतात. दुसऱ्या रात्री ते रडले ते नाटक नव्हतं.

हे मला कागदावर वाचून कळलेलं नाही. माझ्या थोरल्या भावाच्या पायात अपघातानंतर प्लेट बसवली होती, आणि दुखण्याच्या गोळ्या त्याला अशाच चिकटल्या. मी तेव्हा विशीत होते, फार शहाणी होते. एका रात्री त्याच्या उशाखालची, कोटाच्या अस्तरातली, देव्हाऱ्याच्या मागची सगळी पाकिटं गोळा केली आणि चुलीत घातली. मला वाटलं, संपलं. पहिल्या रात्री तो अंथरुणावर बसून राहिला. दुसऱ्या रात्री अंगावर तीन गोधड्या घेऊनही दात वाजत होते, आणि तासाभरात त्याच गोधड्या घामानं भिजल्या. तिसऱ्या रात्री तो पाय भिंतीवर आपटत होता, आई पायांवर बसली होती. चौथ्या दिवशी तो लंगडत तालुक्याच्या रस्त्याला लागला आणि संध्याकाळी खिशात पाकीट घेऊन परत आला. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी नीट बोलला नाही. पुढे तो नीट झाला, डॉक्टरांच्या हाताखाली, दीड वर्ष लागलं. पण त्या तीन रात्री मी त्याला दिल्या, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून सांगते, गोळ्या जाळू नका, फेकू नका, लपवू नका. ज्याला रोज बाराची सवय आहे त्याच्या एकदम बंद करणं हा उपचार नाही.

भावाच्या, जाऊबाईंच्या आणि सासऱ्यांच्या म्हणण्याबद्दल.

भाजीत टाकायचं औषध अजिबात नको. जाहिरातीतल्या त्या पुड्यांत काय असतं ते पुडीवाल्यालाच ठाऊक. दारू सोडवायच्या ज्या खऱ्या गोळ्या असतात, त्यातली एक दारूशीच भांडते, दुखण्याच्या गोळीवर तिचा काही उपयोग नाही. उलट बाजारच्या दिवशी दारू पोटात गेली तर जिवावर बेतेल. दुसरी नालट्रेक्सोन नावाची. अंगात ट्रामाडॉल असताना ती पोटात गेली तर तासाभरात असा त्रास उसळेल की तुम्ही दिवाळीत बघितला तो काहीच नव्हता. आणि समजा काही झालं नाही, तरी ज्या दिवशी त्यांना कळेल की बायको ताटात काहीतरी कालवते, त्या दिवसापासून ते तुमच्या हातचं जेवणार नाहीत. बरं व्हायला सगळ्यात जास्त लागतो तो घरावरचा भरवसा, तो असा घालवू नका.

कोंडून ठेवणाऱ्या केंद्रात नेऊन टाकू नका. चांगली केंद्रं आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालतंय, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, मराठवाड्यातली कितीतरी माणसं तिथून बरी होऊन आलीत. पण नावात ‘व्यसनमुक्ती’ आहे म्हणून कुठलंही केंद्र चांगलं होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा केंद्रांना नोंदणी लागते आणि रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. भावाला सांगा, जायचंच असेल तर आधी स्वतः जाऊन बघ. मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात, गोळ्या बंद करताना त्रासावर औषध देतात का, घरच्यांना भेटू देतात का, नोंदणीचा कागद कुठे आहे, हे विचार. ‘आमच्याकडे मारून सरळ करतात’ असं जो अभिमानानं सांगेल त्याच्या दारातून मागे फिरायचं.

सासऱ्यांचं म्हणणं मी मोडणार नाही. माळेच्या जोरावर दारू, तंबाखू सोडलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत, आणि माळ घातली की नवी संगत मिळते, संध्याकाळची रिकामी वेळ भरते. फक्त क्रम बदला. आधी दवाखाना, अंगातला त्रास आटोक्यात आला की माळ. त्रास चालू असताना घातलेली माळ चौथ्या दिवशी काढावी लागली तर माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो, आणि मग तो कुणाकडेच येत नाही.

तर आता दवाखान्याचं. तुम्हाला लांब जायला नको, अंबाजोगाई जवळ आहे. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. इतर वाचकांसाठी सांगते, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी आणि संभाजीनगरची घाटी इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही हा विभाग आहे, आणि जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात. ‘मानसोपचार’ ही पाटी बघून मालक म्हणतील, मी काय येडा आहे का? त्यांना सांगा, गोळीची सवय सोडवायचं शिक्षण ह्याच डॉक्टरांनी घेतलेलं असतं. कंबरेसाठी हाडांचे डॉक्टर त्याच आवारात आहेत, दोन्ही एका फेरीत दाखवता येईल.

जाताना लातूरचा एमआरआय, जुनी चिठ्ठी आणि घरात असतील नसतील ती सगळी पाकिटं पिशवीत घ्या. झोपेची, डिप्रेशनची, ॲसिडिटीची, कुठलीही गोळी चालू असेल तर तीही. ट्रामाडॉल काही गोळ्यांशी जुळत नाही आणि झटक्याचा धोका आणखी वाढतो. जायच्या दिवशी सकाळी नेहमीची गोळी बंद करून नेऊ नका, रांगेतच त्रास सुरू होईल आणि ते उठून निघून येतील. आकडा खरा सांगायचा. बारा असतील तर बारा, पंधरा असतील तर पंधरा. लाजेपोटी सहा सांगितल्या तर डॉक्टर सहाच्या हिशेबानं औषध देतील, ते पुरणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी मालक म्हणतील, बघ, डॉक्टरच्या औषधानं पण काही होत नाही.

पोलिसांची भीती वाटत असेल तर ऐका. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, म्हणून कुणीतरी तुम्हाला घाबरवलं असेल. त्याच कायद्यातल्या ६४-अ कलमात, थोड्या प्रमाणात स्वतःसाठी बाळगणारा माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण दिलेलं आहे. डॉक्टरांना सांगितलेलं गुपित ठेवणं हेही त्यांच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे.

डॉक्टर लिव्हर, किडनीची तपासणी करतील, झटक्यासाठी आणखी काही सांगतील. झटका येऊन गेलाय म्हणून काही दिवस भरती व्हा म्हणाले तर व्हा. पुढचे मार्ग साधारण दोन. पहिला, गोळी पायरीपायरीनं उतरवायची. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी, सोबत त्रासावरची औषधं. त्यात क्लोनिडीन दिलं तर रक्तदाब खाली येतो, म्हणून अंथरुणातून झटकन उठायचं नाही, आधी बसायचं, मग उभं राहायचं. ह्या मार्गात गोळ्यांचा डबा तुमच्याकडे किंवा दिराकडे राहील आणि त्या दिवसापुरत्याच हातात दिल्या जातील. हे मालकांच्या समोर, त्यांना विचारून ठरवायचं. चोरून मोजायचं नाही.

दुसरा मार्ग ब्यूप्रेनॉर्फिन नावाच्या गोळीचा. ही जिभेखाली ठेवतात, गिळत नाहीत, विरघळेपर्यंत पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही. मेंदूत ज्या जागी ट्रामाडॉल बसतं तिथेच ती जाऊन बसते आणि त्रास शांत करते. पण तिच्या नशेला आणि श्वास मंद करण्याला एक छत असतं, कितीही घेतली तरी त्यापुढे फारसं वाढत नाही. ती सुरू करायची वेळ डॉक्टर ठरवतात. आधीच्या गोळीचा अंमल उतरून त्रास सुरू झाला की मगच देतात, घाई केली तर तीच त्रास उसळवते. ती मेडिकलवर सहज मिळत नाही, परवाना असलेल्या केंद्रातून, बऱ्याचदा रोज समोर बसवूनच देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय.

इथे गावात एक वाक्य हमखास ऐकू येईल: ‘एक गोळी सोडवायला दुसरी गोळी, मग सुटलं काय?’ ह्या एका वाक्यानं कितीतरी माणसं अर्ध्यात उपचार सोडून पुन्हा मूळपदावर जातात, म्हणून ह्यावर मी जोर देऊन लिहिते. टँकर वेळेवर, मोजून येत राहिला तर गाव आडाचा गाळ काढू शकतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा कुणी म्हणालं नाही की लातूरला आता रेल्वेच्या पाण्याचं व्यसन लागलं. ज्या गोळीसाठी शेळी विकावी लागत नाही, लेकराला पाठवावं लागत नाही, जी घेतल्यावर माणूस रात्री झोपतो, सकाळी कामाला जातो, तिला व्यसन म्हणत नाहीत. शुगर, बीपीची गोळी जशी असते तशी ती आहे. किती दिवस? महिने लागतील, वर्षभर किंवा त्याहून जास्तही लागेल. लवकर बंद करायची घाई घरच्यांनाच जास्त असते, आणि तिथेच घात होतो.

पहिल्या आठवड्यात घरी काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. औषध चालू असलं तरी थोडा त्रास राहतो. दुसरा, तिसरा आणि चौथा दिवस जड जातो, आठ-दहा दिवसांत अंगाचा त्रास बराच उतरतो. जुलाब झाले तर ओआरएस, नसेल तर मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोटघोट. मुगाची खिचडी, ताकभात, जाईल तेवढं. भाकरी-ठेच्याचा आग्रह नको. रात्री पाय तळमळतील तेव्हा गरम पाण्यानं अंघोळ, पोटऱ्या दाबून देणं, अंगणात चालून येणं ह्यानं बरं वाटतं. त्या रात्री हिशेब काढू नका. शेळ्या, शपथ, पोर, सगळं बोलायचंय, पण पंधरा दिवसांनी. अंगाचा त्रास गेल्यावरही झोप आणि मन काही आठवडे, कधी काही महिने उदास राहतं. तेव्हा घरचे म्हणतात, आता तर गोळी नाही, मग असा तोंड पाडून का बसतो? झरे अजून लागायचे असतात, ताई. जीव नकोसा झाल्याचं त्यांच्या बोलण्यात एकदा जरी आलं, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर १४४१६ वर टेलिमानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेला फोन लावा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. नशामुक्तीसाठी सरकारचा वेगळा क्रमांक १४४४६ आहे.

आणि कंबर. मुळात कंबर दुखते म्हणून हे सगळं सुरू झालं, आणि सगळे व्यसनावर बोलतात, कंबरेचं कुणी विचारत नाही. गोळी कमी होताना कंबर आधीपेक्षा जास्त दुखेल. त्याचं कारण बऱ्याचदा मणका बिघडला हे नसतं. ही औषधं फार दिवस घेतली की दुखणं जाणवायची ताकदच वाढून बसते, ती उतरायला वेळ लागतो. हे आधी माहीत असलं तर माणूस टिकतो. फिजिओथेरपी विचारून घ्या, चार-पाच व्यायाम शिकवतील, ते रोज करायचे, जेवढे कंटाळवाणे तेवढे गुणाचे. रोज थोडं चालणं. सरकलेली गादी बऱ्याच जणांत ऑपरेशनशिवाय सोसण्याइतकी शांत होते. मात्र पायातली ताकद जायला लागली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. ‘डायक्लोचं एक इंजेक्शन मारून घेतो’ ही ऊसतोडीतली सवय नको. ते व्यसन लावत नसलं तरी वरचेवर घेतलं तर किडनी आणि पोट खातं. आणि ट्रॅक्टरवरची चौदा-चौदा तासांची बैठक ह्या कंबरेला पुन्हा झेपणार आहे का, हे एकदा दिरांना घेऊन शांतपणे बोला. कारखान्यावर काट्याचं काम, दूध, शेळीपालन, काहीही. हे ठरवणं औषधाइतकंच मोठं आहे.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा, कारण ह्यात माणसं जातात. पंधरा-वीस दिवस गोळ्या बंद राहिल्या की शरीराची सवय मोडते. मग एखाद्या दिवशी भांडण झालं, लग्नात कुणी भेटलं, आणि जुन्या हिशेबानं बारा गोळ्या एकदम घेतल्या, तर त्या बारा आता झेपत नाहीत, श्वास मंदावतो. दारू किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर आणखी लवकर. हाक मारून, चिमटा काढून जाग येत नाही, घोरण्यासारखा घरघर आवाज, ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या दिसल्या, तर झोपलाय म्हणून सोडू नका. १०८, आणि गाडी येईपर्यंत कुशीवर. दवाखान्यात ह्यावर इंजेक्शन असतं.

पुन्हा एखादी गोळी घेतली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं नाही. माझ्या भावानं दोनदा घेतली. तिसऱ्या वेळी त्यानं स्वतः येऊन सांगितलं, कारण तोपर्यंत आम्ही ओरडायचं बंद केलं होतं.

पोरीबद्दल. ती मेडिकलवर जाणार नाही, हे आजपासून. ह्यात वाटाघाट नाही, मालकांना हेच शब्द वापरून सांगा. तिला जवळ घेऊन सांगा, ‘बाबांच्या कंबरेच्या गोळीनं बाबांना धरून ठेवलंय, डॉक्टर सोडवणार आहेत. तू लपवलंस त्यात तुझी चूक नव्हती, पुढे मात्र काही लपवायचं नाही.’ अकरा वर्षांच्या लेकराला एवढं कळतं. न सांगितलं तर ती स्वतःलाच कारण समजून बसेल.

मेडिकलवाल्याकडे दिरांना घेऊन जा. चिठ्ठीशिवाय ही गोळी देणं गुन्हा आहे, हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एकदा शांतपणे सांगा, पोरीचंही सांगा. पुन्हा दिलं तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार. पण हे उपचार सुरू झाल्यावर. आधी दुकान बंद केलं तर मालक दुसऱ्या गावचं दुकान शोधतील.

तुम्ही लिहिलंय, ‘माझंच काही चुकलं, असं आत्याबाई म्हणतात.’ तुमचं काही चुकलेलं नाही. एम्सनं २०१९ मध्ये देशभरातली पाहणी प्रसिद्ध केली. १० ते ७५ वयातल्या दर शंभरामागे जवळपास एक जण अशा औषधी गोळ्या-सिरप नशेसाठी वापरतो, असं त्यात निघालं. शंभर उंबऱ्यांच्या गावात हे तुमच्या एकटीच्या घरी नाही, फक्त बाकीची दारं बंद आहेत. तुम्ही लिहिलंत. रात्री त्यांच्या श्वासाकडे कान लावून जागत बसता, तेही लिहिलंत. डॉक्टरांकडे जाल तेव्हा समुपदेशकाशी अर्धा तास तुमच्या स्वतःबद्दल बोला, फक्त त्यांच्याबद्दल नाही.

आणि हो, पत्र दाखवा. खालचं त्यांच्यासाठी आहे, मोबाईल त्यांच्या हातात द्या.

दादा, तुम्ही भरल्या ट्रॉलीवरून पडलात आणि महिनाभरात पुन्हा स्टिअरिंगवर बसलात, कारण घर चालवायचं होतं. गोळी तुम्ही चैन म्हणून घेतली नाही. आता ती खाल्ल्याशिवाय अंथरुणातून उठता येत नाही, आणि हे कुणाला सांगायची चोरी झालीय, हे मी माझ्या भावाच्या चेहऱ्यावर बघितलंय. दिवाळीत दोन दिवस तुम्ही औषधाशिवाय, डॉक्टरांशिवाय काढलेत. आता कमी त्रासाचा रस्ता आहे, तो घ्या. सकाळच्या ओपीडीला जा, मंडळींना बरोबर न्या. केसपेपरच्या खिडकीवर जास्त काही बोलावं लागत नाही. मानसोपचार विभागाचा कागद द्या म्हणा. आत डॉक्टरांनी काय होतंय विचारलं की पिशवीतली पाकिटं टेबलावर ठेवा आणि एवढंच सांगा: कंबरेची गोळी सुटत नाही.